नोकरी सांभाळून सहा वर्षांत केलेली रसायनशास्त्राची पदवी : दोन वर्षं वापरल्यानंतरचा अभिप्राय

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला एकवीस वर्षं झाली. त्यातली पहिली एकोणीस वर्षं माझ्याकडे फक्त डिप्लोमा होता. नमुन्यांच्या बाटल्या मी लावायचे, टायट्रेशन (रसायन थेंब थेंब घालत पाण्यात काय किती आहे ते मोजणं) मी करायचे, रीडिंग माझ्या अक्षरात, हिशेब माझा, रिपोर्टही मीच टाइप करायचे आणि मग सहीसाठी दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. सही करणाऱ्यांपैकी दोघांना ब्युरेट (ते थेंब सोडायची, खुणा केलेली काचेची नळी) कशी भरायची ते मीच दाखवलं होतं. दोघंही भले होते, मला मान द्यायचे. पण सही त्यांची होती.

२०१८ च्या जानेवारीत मी दूरशिक्षणाने चालणाऱ्या पदवी अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र हातात आलं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. एका संस्थेची पाठ थोपटायची किंवा तिला नावं ठेवायची म्हणून मी लिहायला बसलेले नाही. नोकरी करत, पदरचे पैसे घालून, चाळिशीकडे झुकताना घेतलेली पदवी कितपत कामाची ठरते, एवढंच सांगायचं आहे.

निमित्त माझ्या भाच्याचं. शाळा संपली आहे आणि घरात पुढे काय याची चर्चा चालू आहे. परवा म्हणाला, "मावशी, सगळं तर नेटवर फुकट मिळतं. मग एवढी वर्षं आणि एवढे पैसे कशाला घालवायचे? तू घालवलेस ना, वसूल झाले का?" प्रश्न सरळ आहे. त्याला मी त्या दिवशी अर्धवट उत्तर दिलं, ते मनाला लागून राहिलं आहे. पूर्ण उत्तर इथे देते.

आधी पैसे. सहा वर्षांचं शुल्क, पुस्तकं, प्रात्यक्षिकांच्या शिबिरांसाठी येणं-जाणं आणि राहणं, सगळं धरून माझ्या तेव्हाच्या नऊ महिन्यांच्या पगाराएवढा खर्च झाला. पदवीनंतर पद बदललं आणि पगार सव्वापट झाला. म्हणजे वरचा पाव पगार बाजूला काढत गेलं तर तीन वर्षांत खर्च भरून निघतो. दोन वर्षं झाली, एक बाकी आहे. पैशांच्या बाबतीत माझी तक्रार नाही.

तासांचा हिशेब मात्र नाव घालण्याआधी मांडा. माहितीपत्रकात तो ठळक अक्षरात नसतो. युरोपातल्या विद्यापीठांमध्ये अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. पूर्णवेळ एका वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. तीन वर्षांच्या पदवीचे १८० क्रेडिट धरले तर साडेचार हजार ते ५४०० तास होतात. माझा अभ्यासक्रम साधारण तेवढाच होता. आठवड्याला पंधरा तास काढले तरी साडेचार हजार तासांना तीनशे आठवडे लागतात, म्हणजे पावणेसहा वर्षं. माझे पंधरा तास असे निघायचे : आठवड्यातले पाच दिवस पहाटे पाच ते साडेसहा, आणि उरलेले साडेसात रविवारी. मुलीच्या शाळेतले तीन कार्यक्रम माझे चुकले. एकात तिचं पाठांतर होतं. घरी आल्यावर तिने ते मला पुन्हा म्हणून दाखवलं, तेव्हा डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं. हा खर्च पगाराच्या सव्वापटीत कुठेच बसत नाही, आणि बसतो असं मी कोणाला सांगणारही नाही.

आता सहीबद्दल, कारण मी पदवीच्या वाटेला लागले ती सहीसाठी.

जगभरच्या अनेक तपासणी प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार चालतात. त्याची नवी आवृत्ती २०१७ च्या अखेरीस आली. आमच्याकडची कागदपत्रं नव्याने लिहायची वेळ आली आणि ते काम माझ्यावर पडलं. त्या निमित्ताने मानक मी पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचलं. सही करणाऱ्याकडे पदवीच हवी, असं त्यात कुठेही नाही. कोणत्या कामाला कोणतं शिक्षण, पात्रता, प्रशिक्षण, तांत्रिक ज्ञान, कौशल्य आणि अनुभव लागतो, ते प्रयोगशाळेने ठरवून लिहून ठेवावं, एवढंच ते सांगतं. पदवीची अट आमच्याच प्रयोगशाळेच्या कागदात होती. बारा-तेरा वर्षं ज्या भिंतीवर मी डोकं आपटत होते ती आतल्याच माणसांनी बांधलेली होती.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, ही अट आपली आहे, आपण अनुभव धरून ती बदलू शकतो. ते म्हणाले, "मॅडम, ऑडिटर आला की तो विचारणार, पदवी नसलेल्या माणसाला सही का दिली. तुमची बारा-तेरा वर्षं मी त्याला पाच मिनिटांत कशी दाखवू? पदवी दाखवायला एक कागद पुरतो." मला राग आला होता. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि पदवीचं निम्मं मोल या एका वाक्यात आहे हे मला नंतर अर्थशास्त्राच्या पेपरला कळलं. (तो पेपर मी ऐच्छिक म्हणून घेतला होता. सगळ्यात आवडलेल्या दोन पेपरांपैकी एक.)

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे मांडलं. नोकरी देणाऱ्याला समोरच्या माणसाची खरी कुवत दिसत नाही. कुवत असलेल्याला पदवी मिळवणं तुलनेने सोपं जात असेल, तर शिकण्यातून काही हाती लागो न लागो, पदवी ही कुवतीची खूण म्हणून चालते. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा तो एक मानकरी होता. त्याच्या आधी, १९६४ मध्ये, गॅरी बेकरने शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे आणि तिने माणसाचं काम सुधारतं, हा विचार सविस्तर मांडला होता. त्यालाही पुढे, १९९२ मध्ये, नोबेल मिळालं. साहेब बोलत होते ते स्पेन्सचं. मला आतून हवं होतं ते बेकरचं. पैसे एकदाच भरले, पण दोन वेगळ्या वस्तू विकत घेतल्या, आणि त्यांचा दर्जा सारखा नव्हता.

पदवी ही मुळात परवानगीच होती, हेही मला तेव्हाच समजलं. बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात. मध्ययुगातल्या युरोपात अशा ठिकाणी शिकून बाहेर पडणाऱ्याला मिळायची ती शिकवण्याची परवानगी, 'लिसेन्शिया डोसेन्डी'. म्हणजे आता तू शिकवू शकतोस. माझ्या प्रमाणपत्राचंही तेच झालं : आता तुम्ही सही करू शकता. काम तर मी आदल्या दिवशीही तेच करत होते.

अशी अट प्रत्येक ठिकाणी रास्त असते, असं मला वाटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात सांगितलं की शालान्त प्रमाणपत्राची अट प्रत्यक्ष कामाशी जोडलेली नसेल आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार बाहेर राहत असतील, तर ती चालणार नाही. २०२२ मध्ये मेरीलँड राज्याने आपल्या हजारो सरकारी पदांवरची चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली. अशा बातम्या वाचल्या की बरं वाटतं. पण अट जाईल तेव्हा जाईल, तुमचं घोडं आज अडलेलं असतं.

या पहिल्या वस्तूबद्दल, कागदाबद्दल, एक गोष्ट मी हात जोडून सांगेन. अर्धी पदवी घेऊ नका. माझ्याबरोबर नाव घातलेली एक मैत्रीण चौथ्या वर्षी थांबली. घरची अडचण खरी होती, तिचा काही दोष नव्हता. तिने माझ्या निम्म्याहून जास्त तास घातले, निम्म्याहून जास्त शुल्क भरलं, विषय तिला माझ्यापेक्षा चांगला कळायचा. आज अर्जात ती एक ओळही लिहू शकत नाही. अर्थशास्त्रज्ञ याला मेंढीच्या कातड्याचा परिणाम म्हणतात, कारण पूर्वी प्रमाणपत्रं मेंढीच्या कातड्यावर लिहीत. हंगरफर्ड आणि सोलन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की शिक्षणाच्या वर्षागणिक मिळकत सारखी चढत जात नाही, ती पदवी पूर्ण होण्याच्या वर्षी उडी मारते. सहा वर्षं निभावतील का, याबद्दल मनात शंका असेल तर आधी वर्षभराचं एखादं स्वतंत्र प्रमाणपत्र करा, ज्याचा कागद वर्षाच्या शेवटी हातात पडतो. मग पुढचं ठरवा.

दुसरी वस्तू म्हणजे ज्ञान. इथे मला जे मिळालं ते मी नाव घालताना मागितलंही नव्हतं.

पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आहे ते, काढायचं टायट्रेशन मी हजारो वेळा केलं आहे. नमुन्यात पीएच १० चं बफर (पाण्याचा अल्कलीपणा एका पातळीवर धरून ठेवणारं द्रावण) घालायचं, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हे इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) टाकायचं, की पाणी वाइनसारखं लाल होतं. ब्युरेटमधून ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन) सोडत गेलं की लालात जांभळी झाक येते आणि मग एका थेंबाला सगळा फ्लास्क स्वच्छ निळा होतो. शेवटचा थेंब अर्धाच घ्यायचा : टोकाला लोंबता ठेवायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि वॉश बॉटलच्या फवाऱ्याने आत ढकलायचा. हात बसला की यात सुख आहे.

एका बोअरवेलचं पाणी मात्र कधी नीट निळं व्हायचं नाही. लाल, मग गढूळ जांभळं, मग करडं, असं सात-आठ थेंब घोळत राहायचं. मी नवी असताना वरिष्ठांनी सांगितलं होतं, "त्या पाण्याचं तसंच असतं, मधला थेंब धर." मी बारा वर्षं मधला थेंब धरला आणि नव्या मुलांनाही तेच शिकवलं.

तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एक तक्ता होता. कॅल्शियमची ईडीटीएवरची पकड १०.७, मॅग्नेशियमची ८.७. इंडिकेटरवर मॅग्नेशियमची पकड ७.०, कॅल्शियमची ५.४. आकडे लॉगरिदममधले, म्हणजे एकाच्या फरकाला पकड दहापट. पहाटेची वेळ होती. तो तक्ता मी तीनदा वाचला. कॅल्शियम इंडिकेटरला घट्ट धरतच नाही, ते हळूहळू सुटत जातं, म्हणून रंगही हळूहळू बदलतो. स्वच्छ निळं होण्यासाठी पाण्यात थोडं तरी मॅग्नेशियम लागतं, कारण ते इंडिकेटरला धरून बसतं आणि अगदी शेवटी एकदम सोडतं. ज्या पाण्यात ते नसतं त्याच्यासाठी बफरमध्येच मॅग्नेशियमचं ईडीटीए मीठ घालायचं असतं. आणि आमच्या बफरच्या बाटलीवर लिहिलेलं होतं : अमोनियम क्लोराइड, अमोनिया, पाणी. कृतीतली एक ओळ कधीतरी कोणीतरी गाळली होती आणि ती पुढे तशीच उतरवत आलो होतो.

त्या दिवशी कामावर जाऊन मी पूर्ण कृतीने बफर केलं आणि त्याच बोअरवेलचा नमुना घेतला. एका थेंबाला निळा. मी फ्लास्क उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभी होते.

सात-आठ थेंब म्हणजे साधारण ०.३५ मिलिलिटर, एकूण रीडिंग बारा मिलिलिटरच्या आसपास. मधला थेंब धरल्यामुळे चूक फार तर दीड टक्का इकडे-तिकडे. हार्डनेसमधल्या एवढ्या फरकाने कोणाचं काही बिघडलेलं नाही. तरीही दुपारी मी जुनी रजिस्टरं काढून बसले. बारा वर्षं मी 'त्या पाण्याचं तसंच असतं' यावर समाधान मानलं होतं, त्याचं मला वाईट वाटत होतं.

भाचा म्हणेल, हा तक्ता नेटवर आहेच की. आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्येच आपलं शिकवण्याचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं होतं. बारा वर्षं तो तक्ता माझ्यापासून चार क्लिकवर होता. पण शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो, आणि मला प्रश्नच पडला नव्हता. अभ्यासक्रमाने मला अशा धड्यांतून नेलं जे मी आपणहून कधीच उघडले नसते. सगळं समोर असलं तरी शेवटपर्यंत जाणं अवघड असतं, तेही आहेच. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम ऑनलाइन सगळ्यांना फुकट दिला. सुमारे १,६०,००० जणांनी नाव घातलं, शेवटपर्यंत पोचले ते वीस-तेवीस हजार. ती वीस हजार माणसं मला थोर वाटतात. मी त्यांतली नाही हे मला माहीत आहे. मला तारीख लागते, परीक्षा लागते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना तो आठवड्यानंतर जास्त आठवतो. परीक्षेची भीती मला सहा वर्षं होती, तरी शिकले ते तिच्यामुळेच.

आणि मला तपासणारं माणूस लागतं. आता मुख्य मुद्द्याकडे येते.

दरवर्षी दोन आठवड्यांचं प्रात्यक्षिकाचं शिबिर असायचं. पहिल्याच शिबिरात मला वाटत होतं, इथे मला कोण काय शिकवणार. तिथल्या एक मॅडम वही घेऊन माझ्या बाजूला येऊन बसल्या. त्यांनी माझी बारा रीडिंग पेन्सिलीने खुणावली आणि हळू आवाजात विचारलं, "ब्युरेटवर ०.१ चे भाग आहेत. मधलं तुम्ही डोळ्याने वाचता, ते बरोबरच. पण बारापैकी दहा रीडिंगच्या शेवटी शून्य किंवा पाच कसा? पाणी काही शून्य-पाच बघून थांबत नाही."

मला घाम फुटला. माझं वाचन स्वच्छ आहे अशी माझी खात्री होती. डोळा मधल्या जागी गेला की मन त्याला पाचाकडे किंवा शून्याकडे ओढतं, आणि हे आपलं आपल्याला दिसत नाही. परत गेल्यावर मी कामावरच्या रजिस्टरातली शंभर रीडिंग मोजली. तीच गत. त्यानंतर पंधरा दिवस मी ब्युरेटमागे काळी पट्टी धरलेलं कार्ड लावून, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून, शेवटचा आकडा मोठ्याने म्हणून मगच लिहायची सवय केली. अजूनही तसंच करते. हे मला कोणत्याही व्हिडिओने सांगितलं नसतं, कारण व्हिडिओला माझी वही दिसत नाही. त्या पाच मिनिटांसाठी मी सहा वर्षांचं शुल्क पुन्हा भरीन.

म्हणूनच दुसऱ्या वर्षी जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. बत्तीस पानांची असाइनमेंट मी हाताने लिहून पाठवली होती. तीन रविवार त्यात गेले होते. परत आली ती पहिल्या पानावर २० पैकी १६ असा आकडा घेऊन. आत एक खूण नाही, एक प्रश्नचिन्ह नाही, चार मार्क कुठे गेले ते नाही. पान उलटून पाहिल्याचंही कुठे दिसत नव्हतं. त्या वर्षीच्या पाचही असाइनमेंट अशाच आल्या. विचारायला फोन केला तर सांगितलं, गुण नियमानुसार दिले आहेत. पाचव्या वर्षी एका पेपरचा निकाल सात महिने अडकला. कोणाला विचारलं की एकच उत्तर, 'प्रक्रियेत आहे'. शेवटच्या वर्षाची नोंदणी हातची जाते की काय या धास्तीने मी रात्रीच्या रात्री जागले. दूरशिक्षणात आपण समोर जाऊन उभं राहू शकत नाही, म्हणून अशी हेळसांड जास्त टोचते. आणि हे दूर राहूनही नीट करता येतं. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच आपल्या परीक्षा बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना खुल्या केल्या. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ ची, पहिले विद्यार्थी १९७१ चे, आणि घरी बसून लिहिलेली असाइनमेंट शिक्षकाने तपासून, शेरे लिहून परत पाठवायची, हा तिथल्या शिकवण्याचा कणाच आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हा माझं पाचवं वर्ष संपत आलं होतं. बरोबरीच्या काहींनी पुढच्या असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेतल्या. मार्क आले, आणि ते येणारच होते, कारण तपासणाऱ्यानेही पानं उलटली नव्हती. असा कागद पुढे किती दिवस चालेल याची मला काळजी वाटते. तपासणं बंद झालं की पदवीतली बेकरची वस्तू जाते, आणि ती गेली की स्पेन्सची खूणही फार काळ टिकत नाही.

भाच्याचं काय? तो प्रोग्राम लिहितो, आणि बरा लिहितो. त्याचं काम उघडून दाखवता येतं : हे बघा, हे चालतंय. जिथे काम असं समोर मांडता येतं आणि चुकलं तर दुरुस्त करून पुन्हा देता येतं, तिथे पदवीवाचून सुरुवात करायला माझी हरकत नाही. हवी तर पदवी नंतर नोकरी सांभाळून घेता येते, मी घेतलीच. पाण्याचं तसं नाही. रिपोर्ट वाचणाऱ्याला माझं टायट्रेशन दिसत नाही, तो पाणी पिऊन मोकळा होतो. त्याला कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. डॉक्टर, पूल बांधणारे, औषधं बनवणारे यांच्याबाबत तर चर्चाच नको. 'आपलं काम लोकांना तपासून बघता येतं का' हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा, 'पदवी फुकट का विकत' हा नंतर.

त्याच्या आईला मात्र नावाजलेलंच कॉलेज हवं आहे, नाहीतर नको. ताई, तुझ्यासाठी हे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतली अशी मुलं तपासली ज्यांना नामांकित कॉलेजांनी प्रवेश दिला होता पण ती दुसरीकडे शिकली. सरासरीने त्यांची मिळकत नामांकित कॉलेजात शिकलेल्यांएवढीच निघाली. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र नावाचा फायदा झाला होता. नावासाठी कर्ज काढण्याआधी हे दोन्ही भाग लक्षात घे.

पाचपैकी गुण द्यायचे तर कागदाला मी चार देते. ज्ञानाला, ज्या वर्षी वही तपासली गेली त्या वर्षाला पाच, ज्या वर्षी नाही त्याला दोन. सेवेला दीड, तोही शिबिरातल्या माणसांमुळे. सगळं मिळून साडेतीन. पुन्हा घेईन का? घेईन, पण आधी फोन करून विचारीन की असाइनमेंट कोण तपासतं, शेरे लिहून मिळतात का, तपासलेल्या एखाद्या जुन्या वहीचं पान बघायला मिळेल का, नाव घातलेल्यांपैकी किती जण पूर्ण करतात आणि निकाल अडकला तर कोणत्या माणसाशी बोलायचं. माहितीपत्रकातले फोटो आणि इमारती बघून मी नाव घातलं होतं. तुम्ही तसं करू नका.

आता रिपोर्टवर सही माझी असते. आमच्याकडे नवी आलेली मुलगी रीतसर पदवीधर आहे, हुशार आहे, अर्धा थेंब टेकवताना तिचा हात अजून थरथरतो. तिची वही मी रोज संध्याकाळी पेन्सिलीने तपासते आणि शेवटचे आकडे मोजते. ती मला विचारत असते, मॅडम, तुम्ही एम.एस्सी. का करत नाही. दोन ठिकाणची माहितीपत्रकं मागवून ठेवली आहेत. दोन्हीकडे पत्र टाकून विचारलं आहे, वह्या कोण तपासतं. दीड महिना झाला, उत्तर आलेलं नाही, तोवर अर्ज भरणार नाही.